आमच्या वाडीचे मत

निवडणुकीचा निकाल लागून चार-आठ दिवस झाले की आमच्या आरोंद्यात एक कागद फिरू लागतो. पूर्वी तो झेरॉक्स होऊन यायचा, आता मोबाईलवर येतो. त्यावर आडव्या ओळींत मतदान केंद्रांचे क्रमांक आणि उभ्या रकान्यांत उमेदवारांची नावे असतात. सरकारदरबारी त्याला फॉर्म २० म्हणतात. तो काही चोरून मिळवलेला कागद नव्हे. निवडणूक यंत्रणाच तो प्रसिद्ध करते आणि ज्याला हवा त्याने तो वाचावा. चहाच्या दुकानात कोणीतरी चष्मा पुसून तो मोठ्याने वाचू लागतो, आमच्या केंद्राच्या ओळीवर बोट थांबते आणि मग एक वाक्य येते. गेल्या वीसेक वर्षांत प्रत्येक मोठ्या निवडणुकीनंतर आम्ही ते ऐकले आहे: “हय आमका मतां पडली नाय.”

हे ‘हय’ म्हणजे नेमके कोठे, ते कोणी स्पष्ट करीत नाही. करावे लागत नाही. आमच्या केंद्राच्या यादीत चार वाड्या येतात आणि त्यांतील एक ख्रिस्ती कुटुंबांची आहे. चारही वाड्यांची मते एकाच यंत्रात पडलेली असतात. कोणत्या वाडीने काय केले हे परमेश्वरालाच ठाऊक. परंतु बोट वळते ते आमच्याकडे. संख्येने लहान, आडनावांवरून चटकन ओळखू येणारी वाडी हिशेबाला सोपी पडते. एकदा आमच्याकडे येणाऱ्या साकवाची दुरुस्ती मंजूर होऊनही दोन पावसाळे रखडली. चौकशीला गेलो तेव्हा हसत हसत उत्तर मिळाले, “आधी तुमच्या केंद्राचा आकडा बघा, मग साकवाचे विचारा.” तेच खरे कारण होते की तो नुसता टोमणा होता, हे सिद्ध करता येणार नाही, म्हणून आम्ही कोणाचे नावही घेत नाही. पण त्या दिवशी घरी परतताना आमच्या मनात आले ते असे, की आपण गुप्त मतदान करतो म्हणतात, ते नेमके कोणापासून गुप्त?

गेली काही वर्षे या देशात मतदान यंत्रावर रणे माजली आहेत. यंत्र खरे की खोटे, त्यात बिघाड करता येतो की नाही, कागदाची मतपत्रिका परत आणावी की आणू नये, यावर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरतात. हरलेला पक्ष यंत्राला दोष देतो, जिंकलेला गप्प बसतो, आणि पुढच्या निवडणुकीत भूमिकांची अदलाबदल होते. आमचे म्हणणे असे, की या गदारोळात यंत्राने आपल्यापासून काढून घेतलेल्या एका गोष्टीकडे आपले लक्षच गेलेले नाही. व्यक्तीचे मत यंत्राने गुप्त ठेवले. वाडीचे मत मात्र उघडे केले.

हे कसे झाले, ते नीट समजून घेतले पाहिजे.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. अक्षरशत्रू मतदाराने आडोशाआड जायचे, चिन्ह ओळखायचे आणि आपली चिठ्ठी त्या पेटीत टाकायची. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बारा लाखांवर पोलादी पेट्या त्यासाठी तयार झाल्या होत्या. पुढे एकच मतपत्रिका आणि तिच्यावर शिक्का, ही पद्धत आली व तीच आमच्या पिढीने पाहिली. मतमोजणीला दोनदोन दिवस लागत. त्या काळी एजंट म्हणून मोजणीला बसलेल्या माणसांना आठवत असेल, पेट्या उघडल्या की मतपत्रिकांचा ढीग पडे, तो सरमिसळ केला जाई, मग गठ्ठे बांधले जात आणि मग मोजणी सुरू होई. ही सरमिसळ म्हणजे कारकुनी हौस नव्हती. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत ५९-अ या क्रमांकाचा नियमच आहे: मतदारांवर दडपण येण्याचा, त्यांच्यावर सूड उगवला जाण्याचा धोका जेथे आयोगाला वाटेल, तेथे साऱ्या पेट्यांतील मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळाव्यात. कोणत्या गावाने कोणाला मत दिले याचा माग कोणाला लागू नये, एवढाच त्या नियमाचा हेतू.

यंत्र आले आणि ही सरमिसळ संपली. यंत्राची पहिली चाचणी १९८२ साली केरळातील परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर झाली. कायद्याचा आधार नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ते मतदान रद्द ठरवले आणि मग कायद्यात दुरुस्ती होऊन यंत्राला अधिकृत स्थान मिळाले. संपूर्ण राज्याची निवडणूक यंत्रावर झाली ती मात्र आमच्या डोळ्यांदेखत, तेरेखोल नदीच्या पलीकडच्या तीरावर. १९९९ च्या जूनमध्ये गोव्याच्या विधानसभेचे मतदान सर्वत्र यंत्रावर घेण्यात आले. असे करणारे गोवा हे पहिले राज्य. पलीकडच्या सोयऱ्यांनी येऊन आम्हांला कौतुकाने सांगितले होते, बटण दाबले की ‘बीप’ असा आवाज येतो आणि निकाल दुपारपर्यंत हाती! यंत्रासोबत कागदाची चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट राज्यभर प्रत्येक केंद्रावर बसवण्याचा मानही २०१७ साली गोव्यालाच मिळाला. अलीकडच्या तीरावर या गोष्टी थोड्या उशिरा पोहोचल्या, पण पोहोचल्या. २०२४ च्या मे महिन्याच्या ७ तारखेला नदीच्या दोन्ही तीरांवर एकाच दिवशी लोकसभेचे मतदान झाले आणि आरोंदा–किरणपाणी पुलावरून ये-जा करणाऱ्या दोन्ही बाजूंच्या माणसांच्या बोटांवर सारखीच शाई होती.

यंत्राचे गुण आम्ही नाकारीत नाही. मतपत्रिका बाद होण्याचा प्रकार संपला. गठ्ठ्याने शिक्के मारून पेट्या भरण्याचे जे प्रकार बिहार-उत्तर प्रदेशातून ऐकू येत, ते अवघड झाले. पण यंत्राची मोजणी एकेका केंद्राची होते. एका केंद्राचे यंत्र टेबलावर येते, बटण दाबले जाते, आकडे दिसतात, एजंट ते टिपून घेतात. केंद्र म्हणजे किती माणसे? हजार-बाराशे, खेड्यापाड्यांत त्याहूनही कमी. मुंबईच्या चाळीत नाहीतर उपनगरात बाराशे मतदार म्हणजे ओळख नसलेली गर्दी. आमच्याकडे बाराशे मतदार म्हणजे चार वाड्या, दोन मंदिरे, एक क्रूस आणि कोणाची मुलगी कोठे दिली आहे हे सर्वांना ठाऊक असलेली घरे. येथे केंद्राचा आकडा सांगणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरात डोकावण्यासारखेच आहे.

याचा उपयोग राजकारणी माणूस कसा करतो, याची साक्ष बाहेर शोधावी लागत नाही. त्यांनीच ती जाहीर सभेत दिली आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर प्रदेशातील एका बड्या उमेदवाराने व्यासपीठावरून सांगितले, की ज्या गावांतून जशी मते पडतील त्याप्रमाणे त्यांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी होते आणि कामेही त्याच क्रमाने होतात. आयोगाने त्या वक्तव्याचा निषेध केला. निषेध योग्यच होता. पण ही प्रतवारी शक्य होते ती आयोगानेच प्रसिद्ध केलेल्या आकड्यांमुळे, हे आयोगाला सांगणार कोण?

खरे तर आयोगाला ते सांगावे लागले नाही. आयोगाने हा दोष फार पूर्वीच ओळखला होता आणि त्यावर उपायही सुचवला होता. टोटलायझर नावाचे एक साधन आहे. यंत्रे बनवणाऱ्या सरकारी कंपन्यांनीच ते तयार केले आहे. चौदा मतदान यंत्रे त्याला एकदम जोडायची. बटण दाबले की चौदाही केंद्रांची मिळून बेरीज दिसते, एकट्यादुकट्या केंद्राचा आकडा दिसतच नाही. म्हणजे आरोंदा, तळवणे, सातार्डा, मळेवाड अशा आसपासच्या गावांची केंद्रे एकत्र मोजली जातील आणि चहाच्या दुकानातील त्या बोटाला थांबायला ओळच उरणार नाही. जुन्या काळी पत्र्याच्या पिंपात हात घालून जी सरमिसळ होत असे, तीच विजेने करणारे हे साधन. आयोगाने २००८ साली त्याची शिफारस केली. भारतीय विधी आयोगाने २०१५ च्या मार्चमधील आपल्या २५५ व्या अहवालात तिला पाठिंबा दिला. आणि केंद्र सरकारने? सरकारने विरोध केला, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयातही तीच भूमिका मांडली. कारण काय, तर कोठे आपल्याला मते कमी पडली हे कळले की उमेदवाराला तेथे अधिक काम करता येते!

हा युक्तिवाद वाचून आम्ही क्षणभर निःशब्द झालो. मते न देणाऱ्या वाडीत उमेदवार अधिक काम करतो, हे आमच्या दोन पावसाळे मोडून पडलेल्या साकवाला कोणी तरी सांगावे. आणि सत्तेवर कोण आहे याने येथे फरक पडत नाही.  केंद्रनिहाय आकडा सर्वांनाच हवा असतो.

येथे एक उदाहरण आमच्या वाचकांच्या ओळखीचे आहे, म्हणून देतो. पोपमहोदयांची निवड जगातील सर्वांत जुन्या निवडणुकांपैकी एक. २०२५ च्या मे महिन्यात १३३ कार्डिनल सिस्टाईन चॅपेलमध्ये गेले आणि दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी, पोप लिओ चौदावे निवडून आले, ते आपण सर्वांनी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले. धूर आपण पाहिला. आतली रीत मात्र फारशी कोणी वाचत नाही. दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली घालून दिलेल्या नियमांप्रमाणे प्रत्येक कार्डिनलाने आपले अक्षर ओळखू येणार नाही अशा वळणाने नाव लिहायचे. चिठ्ठ्या पात्रात पडल्या की तपासनिसाने ते पात्र अनेकदा हलवून त्या मिसळायच्या, मग त्यांची संख्या मोजायची, आणि संख्या मतदारांशी जुळली नाही तर न उघडताच साऱ्या जाळायच्या. आजारी कार्डिनलांकडे तिघांनी कुलूपबंद पेटी घेऊन जायचे. विचार करा: हे १३३ लोक काही कोणाच्या दारात साकवासाठी जाणारे नव्हेत. त्यांना कोणी रेशन बंद करण्याची धमकी देणार नाही. तरीही जुन्या अनुभवाने शहाण्या झालेल्या त्या संस्थेने अक्षर बदलण्याची आणि चिठ्ठ्या मिसळण्याची काळजी घेतली आहे. मग ज्यांच्या पाणंदीवरचा दिवा दुसऱ्याच्या मर्जीवर लागतो, त्यांच्यासाठी ही काळजी किती पटींनी घ्यायला हवी?

आता आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतील आणि त्यांतला एक खरोखर वजनदार आहे. तो असा, की केंद्रनिहाय आकडा दिसतो म्हणून तर घोटाळा पकडता येतो. सारेच एकत्र केले तर संशय कशावर घ्यायचा? सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीचे उदाहरण याच संदर्भात दिले जाते. २०२४ च्या विधानसभा निकालानंतर त्या गावातील लोकांना आपल्या केंद्राचा आकडा पटला नाही. ३ डिसेंबरला त्यांनी आपल्या खर्चाने मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घेऊन पाहण्याचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते झाले नाही. गावकऱ्यांच्या धीटपणाचे आम्हांला कौतुक वाटते; शांतपणे मत मोजून पाहू इच्छिणाऱ्यांवर जमावबंदी लावणे आम्हांला रुचले नाही. पण त्याच घटनेकडे दुसऱ्या बाजूनेही पाहावे. गावाने कोणाला किती मते दिली, हे गावाला आधीच ‘ठाऊक’ होते आणि आकडा त्याच्याशी जुळला नाही, यातून तो वाद उभा राहिला. ज्या गावात प्रत्येकाचे मत सर्वांना ठाऊक आहे असे समजले जाते, त्या गावात एखाद्या बापुड्याने गावाच्या मनाविरुद्ध गुपचूप बटण दाबले असेल, तर त्याने आता काय करायचे? पुन्हा मतदान झाले असते तर सर्वांच्या देखत तो रांगेत उभा राहिला असता, आणि या वेळी त्याचे मत काय पडले असते, ते सांगायला ज्योतिषी नको.

तपासणी हवीच, आणि ती टोटलायझर असतानाही करता येते. कोणत्या केंद्रावर किती माणसांनी मतदान केले, हा आकडा खुशाल जाहीर करावा. तो एजंटांना मतदान संपतानाच लेखी मिळतो. ती मते कोणाकोणात वाटली गेली, एवढेच चौदांच्या बेरजेत झाकावे. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्याही त्या चौदा केंद्रांच्या एकत्र मिसळून मोजाव्यात आणि बेरीज बेरजेशी ताडावी. आज विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात, तसा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा आदेश आहे. त्याऐवजी चौदा केंद्रांचा एक गट मोजला तर तपासणी वाढेलच, कमी होणार नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने मतपत्रिकेकडे परत जाण्याची मागणी फेटाळली, तो वाद आम्ही येथे उकरून काढत नाही. मात्र कागदाच्या चिठ्ठीवर आमची श्रद्धा आहे, हे नमूद करतो. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ साली आपल्या देशातील यंत्रे घटनाबाह्य ठरवली ती याच कारणासाठी, की सामान्य नागरिकाला तांत्रिक ज्ञानाशिवाय मोजणी पडताळता आली पाहिजे. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०२५ साली स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत व्हीव्हीपॅट वापरणार नाही असे सांगितले, ते आम्हांला मान्य नाही. गाव जितके लहान, तितका संशय मोठा.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातून येईल. “आपल्याला लपवायचे काय? आपण कोणाचे मिंधे आहोत काय?” असे छाती काढून म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना आमचे उत्तर थोडे कडू आहे. केंद्रनिहाय आकड्याचा सर्वांत अधिक उपयोग परक्याने केलेला नाही, आपल्यातल्याच काहींनी केला आहे. निवडणूक आली की धर्मग्रामातील दोन-चार वजनदार माणसे उमेदवाराकडे जातात आणि ‘आमची एवढी मते तुम्हांला’ असा शब्द देऊन येतात. कशाच्या बदल्यात, ते सभागृहाच्या पत्र्यांपासून स्वतःच्या ठेक्यापर्यंत काहीही असू शकते. कोणी त्यांना विचारलेले नसते. ती मते आमची, आमच्या बायकांची, आमच्या वयात आलेल्या मुलांची असतात. व्यापार ते करतात. आणि फॉर्म २० हा त्यांच्या मालाची पोचपावती असतो. आकडा जुळला तर त्यांची पत वाढते. जुळला नाही तर रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात ‘कोणी दगा दिला’ याची कुजबुज सुरू होते. टोटलायझर आले तर हा व्यापार बुडेल, कारण माल पोचला की नाही हे सांगणारा कागदच राहणार नाही. पैसे वाटणाऱ्यांचेही तेच. मत विकत घेणारा मूर्ख नसतो. पावतीशिवाय तो पैसे मोजत नाही.

आमच्या शेजारी एक वृद्ध बाय राहत असे. तिचा मुलगा एका पक्षाचा कार्यकर्ता, जावई दुसऱ्या पक्षाचा. मतदान करून आली की दोघेही तिला लाडीगोडीने विचारायचे. ती ओटीवर बसून पान कुटत म्हणायची, “मत कोणाक दिलंय ता मी मेलंय तरी सांगूचंय नाय. सांगलंय तर ता माझा खंय रवला?” तिला वाचता येत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या सप्टेंबरमध्ये ‘नोटा’चे बटण द्यायला लावले तेव्हा जे पानेच्या पाने लिहिले, त्याचा गाभा हाच होता. त्यापूर्वी कोणालाच मत द्यायचे नसेल तर वहीत तशी नोंद करून सही करावी लागे. म्हणजे मत न देणाऱ्याचे गुपित फुटत असे. न्यायालय म्हणाले, मत देणाऱ्याइतकाच न देणाऱ्यालाही गुप्ततेचा अधिकार आहे. एका माणसाला जो अधिकार आहे, तो पाचशे माणसांच्या वाडीला नाही काय?

आणि आता एक नवेच संकट दारात उभे आहे, तेही सोयीचे रूप घेऊन. मोबाईलवरून मतदान! २०२५ च्या जूनमध्ये बिहारने काही नगरपालिकांच्या निवडणुकांत आजारी, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि परगावी असलेले मतदार यांच्यासाठी तसा प्रयोग केला आणि त्याची वाहवाही झाली. आमच्याकडील तरुण मंडळी ते ऐकून हरखली आहेत. त्यांचे दुःख आम्ही जाणतो. आमची निम्मी पोरे घरी नसतात. कोणी जहाजावर, कोणी आखाती देशांत, कोणी मुंबईत, कोणी नदी ओलांडून गोव्यातील हॉटेलांत. पगार क्षणात आईच्या खात्यात येतो आणि मत मात्र येत नाही, ही त्यांची तक्रार खोटी नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला २०१० च्या दुरुस्तीने यादीत नाव घालता येते, पण मत देण्यासाठी त्याने स्वतः केंद्रावर हजर व्हायचे. जहाजावरच्या खलाशाने त्यासाठी समुद्रातून उडी मारायची काय?

परंतु या दुखण्यावर मोबाईल हे औषध नव्हे. मतदान केंद्रातील तो पुठ्ठ्याचा आडोसा पाहा. तीन बाजूंनी उभा केलेला, चार रुपयांचा पुठ्ठा. त्याच्या आत नवरा येत नाही, सासरा येत नाही, शेठ येत नाही, धर्मग्रामातील पुढारीही येत नाही. वर्षातील तीनशे चौसष्ट दिवस ज्या बाईच्या वाट्याला घरात स्वतःचा असा कोपरा येत नाही, तिला तो त्या दिवशी कायद्याने मिळतो. मोबाईल हा पुठ्ठा मोडून टाकील. मत देताना तिच्या खांद्यावरून कोण पाहत आहे हे कोणत्याही ॲपला दिसत नाही. कामगारांच्या खोलीत मुकादम एकेकाचा फोन हातात घेऊन बटणे दाबील आणि पडद्यावर ‘मत नोंदले’ असा हिरवा शिक्का उमटेल. एस्टोनिया या चिमुकल्या देशात २००५ पासून संगणकावरून मतदान होते; तेथे दडपणाखाली दिलेले मत मागाहून बदलता येते, शेवटचे तेवढे धरले जाते. युक्ती चांगली आहे. पण ज्या मुकादमाने पहिल्यांदा फोन घेतला तो शेवटच्या तासालाही घेऊ शकतो, आणि आमच्याकडे फोन बहुधा घराला एक असतो, तोही कर्त्या पुरुषाच्या खिशात.

दूर असलेल्यांसाठी टपालाची मतपत्रिका वाढवा. सैनिकांना ती मिळते. खलाशाला का नाही? २०२४ च्या लोकसभेला पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धांकडे आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांकडे अधिकारी मतपत्रिका घेऊन घरी गेले. ते आम्ही पाहिले आहे. अधिकाऱ्यांनी घरातल्यांना बाहेर उभे केले, खाटेभोवती आडोसा धरला आणि मग म्हातारीला मतपत्रिका दिली. बाहेर उभा असलेला मुलगा अस्वस्थ होऊन सारखा दाराकडे पाहत होता. आम्हांला ते दृश्य फार आवडले. पुठ्ठा घरी नेता येतो. घर पुठ्ठ्याच्या आत घेता येत नाही.

तेव्हा मागणी दोन ओळींची आहे: केंद्रांची मते एकत्र मोजा, आणि मत आडोशाबाहेर नेऊ नका. लोकसभेच्या आणि विधानसभेच्या निवडणुकीसाठी पहिली ओळ केंद्र सरकारने नियम बदलला की अमलात येईल. ग्रामपंचायतीत प्रभागांचे गणित वेगळे आहे, कारण प्रभाग म्हणजे बहुधा एकच केंद्र; तेथे सदस्यांची मते मिसळता येणार नाहीत. परंतु सरपंच आता पुन्हा थेट लोकांतून निवडला जातो. २०१७ साली ही पद्धत आली, २०२० साली गेली आणि २०२२ साली परत आली. निदान त्या मतांची तरी गावभर एकत्र मोजणी करायला काहीच अडचण नाही, आणि तो निर्णय मुंबईत होऊ शकतो, दिल्लीला जावे लागत नाही.

या मजकुराचा ठराव करून ग्रामसभेपुढे मांडावा, असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. मसुदा तयार आहे. इतर वाड्यांतील चार-पाच जणांनी वाचून खाजगीत मान डोलावली. त्यांच्याही वाड्यांकडे कधी ना कधी बोट वळलेले आहे. फक्त एक अडचण त्यांनी लक्षात आणून दिली आणि तिच्यावर अजून तोड सापडलेली नाही. ग्रामसभेत ठरावावर मत घेतात ते हात वर करून, आणि त्या दिवशी कोणाकोणाचे हात वर गेले हे मोजायला समोर बसलेले असतील तेच, जे फॉर्म २० चष्मा पुसून वाचतात.